गॅसच्या गोळ्या, नॉर्मल सोनोग्राफी आणि उतरत गेलेलं वजन: एका पोटदुखीचं प्रकरण

मी हॉस्पिटलात पेशंट आणि नातेवाईकांना तपासण्या, कागदपत्रं, कुठल्या ओपीडीला कधी जायचं हे समजावून सांगायचं काम करते. मी डॉक्टर नाही. हे प्रकरण त्या कुटुंबाच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायचं कारण एवढंच की "पोटाचा त्रास किती दिवस अंगावर काढायचा आणि टेस्ट कधी करायच्या" हा प्रश्न मला जवळजवळ रोज कोणीतरी विचारतं, आणि त्याचं उत्तर या एका माणसाच्या फाइलमध्ये पानापानावर दिसतं.

पार्श्वभूमी

पेशंटला आपण दादा म्हणू. वय ३८, घर भांडुपला, काम लोअर परळच्या एका प्रिंटिंग प्रेसमध्ये, रोज स्लो लोकलने करी रोडला उतरून चालत जायचं. घरी वहिनी, दोन शाळकरी मुलं आणि आई. डबा घरचाच, पण ओव्हरटाइम लागला की वडापाव, भजीपाव आणि चहावर चहा. दारू नाही, तंबाखू मळायची सवय होती. शुगर, बीपी काही नाही, वजन ६८ किलो.

एक गोष्ट तेव्हा कोणालाच महत्त्वाची वाटली नव्हती. आईंना तरुणपणी "छातीचं दुखणं" झालं होतं आणि बरेच महिने औषध चाललं होतं. घरात त्याबद्दल कोणी बोलायचं नाही, त्यामुळे दादांना ते नक्की काय होतं हे माहीतच नव्हतं.

त्रास कसा सुरू झाला

होळीनंतर कधीतरी सुरुवात झाली. जेवल्यावर तास-दीड तासाने बेंबीच्या खाली उजवीकडे कळ यायची, पोट डब्ब व्हायचं, आणि आत एक गोळा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकतोय असं वाटायचं, सोबत गुडगुड एवढी की शेजारी बसलेल्याला ऐकू यावी. वारा सरला की दहा मिनिटांत बरं वाटायचं. दादा याला "गॅस फिरतो" म्हणायचे आणि ऐकणारा प्रत्येक जण मान डोलवायचा, कारण मुंबईत गॅस कोणाला होत नाही?

मग हळूहळू एकेक गोष्ट वाढत गेली. आठवड्यातले दोन-तीन दिवस शौचाला साफ नाही, मग एकदम दोन दिवस पातळ. मध्येच एखादी उलटी, आणि उलटी झाली की पोट हलकं. जेवलं की दुखतं म्हणून माणूस आपोआप कमी जेवायला लागला, दोन पोळ्यांची एक झाली. रात्री तीनच्या सुमाराला कळ येऊन जाग यायला लागली. संध्याकाळी घरी आल्यावर अंगात कणकण, पण तोवर पावसाळा लागला होता त्यामुळे तीही खपून गेली. वजन उतरलं त्याला श्रावणातले सोमवार जबाबदार धरले गेले. वहिनींच्या आईने तर नजर काढली.

पहिले पाच-सहा महिने काय झालं

सुरुवात केमिस्टकडून. सकाळी उपाशीपोटी घ्यायची पॅन्टोप्राझोल-डोमपेरिडोनची कॅप्सूल, जी आता घरोघरी फ्रिजवरच्या डब्यात असते. पहिल्या आठवड्यात थोडा फरक वाटला. आता मागे वळून बघताना वाटतं की तो फरक कमी जेवल्यामुळेच पडला असणार, कारण ही गोळी पोटातलं ॲसिड कमी करते, आणि बेंबीखाली, जेवणानंतर ठरावीक वेळाने कळ येऊन वारा सरल्यावर जाणारं दुखणं हे ॲसिडचं लक्षण नाहीच.

महिनाभराने फॅमिली डॉक्टर. चांगला, वर्षानुवर्षं ओळखीचा माणूस. त्यांनी जंताची गोळी दिली, गोळ्या बदलल्या, पावसाळ्यात अमिबा समजून मेट्रोनिडाझोलचा कोर्स दिला. यातलं काहीच वावगं नाही, मुंबईच्या पावसाळ्यात जुलाबाचा पेशंट आला की कुठलाही डॉक्टर आधी तिकडेच बघेल. अडचण अशी झाली की प्रत्येक भेट ही नवीन आजार म्हणून मोजली गेली. एप्रिलमधलं पित्त, जूनमधले जंत, जुलैमधला अमिबा. एकाच माणसाचा एकच त्रास सलग चाललाय हे कागदावर कुठेच दिसत नव्हतं.

मग प्रेसमधल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की फुल बॉडी चेकअपची ऑफर चालू आहे, करून टाक. सत्तर-ऐंशी टेस्टचा रिपोर्ट आला, रंगीत, जाडजूड. त्यात व्हिटॅमिन डी कमी, बी१२ कमी, कोलेस्टेरॉल किंचित जास्त, ते सगळं लाल अक्षरात. घरातली सगळी चर्चा डी आणि बी१२ वर. त्याच रिपोर्टच्या पहिल्या पानावर हिमोग्लोबिन १०.८ होतं. पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया, आणि पुरुषाला पाळी येत नाही, त्यामुळे तरुण, बरं खाणाऱ्या पुरुषाचं रक्त कमी का झालं याचं उत्तर शोधावंच लागतं, आणि ते उत्तर बऱ्याचदा आतड्यात असतं. इथे मात्र लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि विषय संपला.

शेवटी सोनोग्राफी. रिपोर्टमध्ये लिव्हर, पित्ताशय, किडनी सगळं व्यवस्थित, एका ओळीत "आतड्यात गॅस जास्त" आणि "काही लहान लिम्फ नोड" (शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या लहान गाठी), आणि खाली ठळक अक्षरात की विशेष दोष आढळला नाही. घरी पेढे वाटायचे बाकी राहिले होते. आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त उशीर या नॉर्मल रिपोर्टने केला. पित्ताशयातले खडे, लिव्हर, मुतखडा बघायला सोनोग्राफी उत्तम, पण आतडं हवेने भरलेलं असतं आणि हवेतून सोनोग्राफीच्या लहरी नीट जात नाहीत, त्यामुळे आतड्याच्या आतल्या बाजूला व्रण आहे का, सूज आहे का हे नेहमीच्या सोनोग्राफीत सहज निसटतं. त्या रिपोर्टने दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. दादांनी त्यानंतर दीड महिना कोणालाच दाखवलं नाही.

फाइल तारखेप्रमाणे लावली तेव्हा

गणपतीत दादांना मोदक सोडाच, आमटी-भातही जाईना. गौरी-विसर्जन झाल्यावर वहिनी एक प्लास्टिकची पिशवी घेऊन माझ्याकडे आल्या, त्यात सगळे कागद कोंबलेले. म्हणाल्या, "ताई, सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत हो, पण माणूस अर्धा झालाय."

आम्ही कागद नुसते तारखेने लावले. प्रत्येक चिठ्ठीवर कोपऱ्यात कोणीतरी वजन लिहिलेलं होतं: ६८, मग ६५, पॅकेजच्या फॉर्मवर ६२, आणि त्या दिवशी काट्यावर उभं केलं तर ६०. चार वेगवेगळ्या लोकांनी चार वेळा खरं वजन लिहिलं होतं, ते एका रांगेत कोणी मांडलं नव्हतं. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं तर डॉक्टर ते गांभीर्याने घेतात. इथे ते १२ टक्क्यांच्या आसपास होतं.

आता यादी बघा: वजन उतरतंय, रक्त कमी आहे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, संध्याकाळचा बारीक ताप, अधूनमधून उलट्या. यातली एक गोष्ट असली तरी टेस्टशिवाय पुढे जाऊ नये असं मानतात, इथे पाच होत्या. काळी डांबरासारखी शी किंवा रक्त, गिळायला त्रास, पोटात हाताला लागणारी गाठ, आणि जवळच्या नात्यात आतड्याचा किंवा पोटाचा कॅन्सर, ही त्या यादीतली उरलेली नावं. (लोहाची गोळी चालू असली की शी तशीही काळपट होते, हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका, नाहीतर दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो.)

समोर कोणते पर्याय होते

घरच्यांनी बरेच पर्याय मांडले आणि प्रत्येकामागे काहीतरी कारण होतं.

दादांचं मत: अजून महिनाभर पथ्य करू, बाहेरचं बंद. त्यांच्या मनात सुट्टीची आणि पैशाची धास्ती होती, प्रेसमध्ये दिवसाच्या हजेरीवर पगार. दिरांचं मत: आयुर्वेदिक काढा सुरू करू. वहिनींच्या भावाचं मत: थेट प्रायव्हेटमध्ये जाऊन वरून दुर्बीण घालून घेऊ, म्हणजे एंडोस्कोपी. हा शेवटचा पर्याय ऐकायला सगळ्यात ठाम वाटतो, पण तोंडातून घातलेली दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात एवढंच बघते. दुखणं उजवीकडे खाली होतं, जिथे लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं, तिथे ती पोचतच नाही. चुकीच्या टोकाकडून केलेली चांगली टेस्ट पुन्हा एक नॉर्मल रिपोर्ट देऊन गेली असती आणि परत दीड महिना गेला असता.

माझं म्हणणं एकच होतं की टेस्ट आपण निवडायची नाही, पोटविकाराच्या डॉक्टरांना पूर्ण गोष्ट सांगायची आणि त्यांना निवडू द्यायची. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या कॉलेज हॉस्पिटलांत गॅस्ट्रोची ओपीडी आहे, वेळ जातो, रांग असते, पण खर्च झेपतो. दादा तयार झाले ते आकडे एका कागदावर बघून. मी त्यांना समजावत होते तेव्हा नाही, ६८ ते ६० बघितल्यावर.

काय केलं

पालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात पहिल्या भेटीत डॉक्टरांनी बराच वेळ नुसते प्रश्न विचारले. कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवा. जेवणानंतर किती वेळाने? वारा सरल्यावर थांबतं? रात्री उठवतं? मग विचारलं, "घरात कोणाला टीबी झालाय?" दादा नाही म्हणाले. आई बाकावर बसल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "मला झाला होता, लग्नाच्या आधी." दादांनी ते पहिल्यांदा ऐकलं.

रक्ताच्या टेस्ट झाल्या: परत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), सीआरपी (अंगात कुठे सूज आहे का), लिव्हर-किडनी, एचआयव्ही. शीची कॅलप्रोटेक्टिन टेस्टही केली, आतड्याला खरी सूज आहे की नुसती आतड्याची चाल बिघडलीय याचा अंदाज तिच्यावरून येतो. ती बरीच वाढलेली आली, सीआरपीही. छातीचा एक्सरे स्वच्छ. इथे बरेच लोक "छाती साफ, म्हणजे टीबी नाही" म्हणून परत फिरतात, पण आतड्याचा टीबी असलेल्या बऱ्याच पेशंटचा छातीचा एक्सरे नॉर्मलच असतो.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा होता. कोलोनोस्कोपी, म्हणजे शौचाच्या वाटेने मोठ्या आतड्यात दुर्बीण, करायचीच होती, पण त्याआधी पोट साफ करायला काही लिटर औषधाचं पाणी प्यावं लागतं, आणि आतड्यात अरुंद जागा असेल तर ते धोक्याचं ठरू शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन. त्यात दिसलं की लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि मोठ्या आतड्याची सुरुवात जाड झालीय, वाट थोडी अरुंद आहे पण बंद नाही, आणि शेजारच्या गाठी सुजल्यात. मग लोहाच्या गोळ्या काही दिवस आधी थांबवल्या, पोट जपून साफ केलं आणि कोलोनोस्कोपी झाली. त्या जागी आडवे व्रण होते, तिथले बरेच तुकडे घेतले.

इथे एक बारकावा आहे जो पेशंटला कोणी सांगत नाही. तुकडे फॉर्मेलिनच्या बाटलीत घातले की ते फक्त मायक्रोस्कोपखाली बघता येतात, त्यातले जंतू मरतात, कल्चर होत नाही, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून बघता येत नाहीत. टीबीची शंका असेल तर काही तुकडे सलाइनमध्ये वेगळे द्यावे लागतात, एक जीनएक्सपर्टसाठी (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) आणि एक कल्चरसाठी. डॉक्टरांनी दोन्ही बाटल्या दिल्या, वहिनींनी स्वतः लॅबमध्ये पोचवल्या आणि पावती सांभाळून ठेवली.

अवघड निर्णय

आठवडाभराने रिपोर्ट आले तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं आता निकाल लागेल. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा होते, म्हणजे टीबीत दिसतात तशा पेशींच्या गाठी, पण टीबीची पक्की खूण समजली जाणारं केसिएशन (गाठीचा मधला भाग मरून चीजसारखा होणं) दिसलं नाही. जीनएक्सपर्ट निगेटिव्ह. आतड्याच्या तुकड्यात जंतू मुळात कमी असतात त्यामुळे जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आलं तरी टीबी नाही असं म्हणता येत नाही. आणि अगदी असंच चित्र क्रोन्स नावाच्या आजारातही दिसतं, जो जंतूंमुळे होत नाही आणि ज्याला स्टेरॉइडसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. टीबी असताना स्टेरॉइड दिलं तर टीबी पसरतो. क्रोन्स असताना टीबीचं औषध दिलं तर खऱ्या उपचाराला उशीर होतो.

डॉक्टरांनी दोन्ही बाजू दादांसमोर स्पष्ट मांडल्या. कल्चरचा निकाल यायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, तोवर नुसतं थांबणं ६० किलोच्या, रोज ताप येणाऱ्या माणसाला परवडणारं नव्हतं. आपल्याकडे टीबी एवढा आहे, बारीक ताप आहे, आईचा इतिहास आहे, गाठी आहेत, म्हणून आधी टीबीचं औषध सुरू करायचं, आणि दोन महिन्यांनी परत कोलोनोस्कोपी करून व्रण भरलेत का ते बघायचं. भरले नाहीत तर क्रोन्सचा विचार. मला हा निर्णय फार आवडला, कारण त्यात "चुकलो तर कसं कळेल" हे पहिल्याच दिवशी ठरलं होतं.

निकाल

औषध सरकारी कार्यक्रमातून मोफत मिळालं, निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली, पोषणासाठीचे पैसे खात्यात यायला लागले (नोव्हेंबर २०२४ पासून ते महिन्याला १००० रुपये झालेत, आधी ५०० होते). पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. लघवी केशरी होते, घाबरू नका, हे आधी सांगितलं होतं म्हणून बरं. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या किंवा रंग ओळखायला त्रास झाला तर गोळ्या घेऊन बसू नका, लगेच या, हेही.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत ताप गेला. पाचव्या आठवड्यात कल्चरमध्ये टीबीचे जंतू वाढल्याचा रिपोर्ट आला, नेहमीची औषधं लागू पडणारे. दोन महिन्यांनी दुर्बिणीत व्रण भरत आलेले दिसले. कोर्स संपला तेव्हा वजन ६७ किलो होतं आणि हिमोग्लोबिन १३ च्या वर.

घरात ताट-वाटी वेगळी करायची का, मुलांना जवळ घ्यायचं का, यावरून सुरुवातीला फार ताण होता. फुप्फुसात टीबी नसेल तर नुसता आतड्याचा टीबी एकत्र जेवल्याने किंवा जवळ बसल्याने पसरत नाही, हे ओपीडीतल्या नर्सने वहिनींना दोनदा समजावलं. तरी घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली, सगळे ठीक निघाले.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यांनी पहिल्या आठवड्यात कोलोनोस्कोपी करायला हवी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. वहिनींच्या बहिणीलाच कित्येक वर्षं पोट फुगायचा आणि शौचाचा त्रास आहे. तिचं वजन स्थिर, झोप शांत, रक्त चांगलं, घरात कोणाला काही नाही. दादांचं ऐकून ती घाबरून आली, तर डॉक्टरांनी सीबीसी, सिलियाकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार) टीटीजी ही रक्ताची टेस्ट आणि कॅलप्रोटेक्टिन एवढंच केलं, सगळं नॉर्मल आलं, आयबीएस (व्रण किंवा सूज नसताना आतड्याची चाल बिघडणं) सांगितलं आणि दुर्बीण लागणार नाही म्हणाले. हेही बरोबरच. (टीटीजी करायची असेल तर आधी गहू बंद करू नका, नाहीतर टेस्ट खोटी नॉर्मल येते.) छातीखाली जळजळ, अपचन असा नवीन त्रास असेल तर वयही बघतात, अमेरिका-कॅनडाच्या २०१७ च्या गाइडलाइनमध्ये थेट एंडोस्कोपीसाठी ६० वर्षं धरलीत, त्याखाली आधी एच पायलोरी या जठरातल्या जंतूची टेस्ट, आपल्याकडे बरेच डॉक्टर याहून लवकर दुर्बीण सुचवतात. एच पायलोरीची श्वासाची किंवा शीची टेस्ट असेल तर ॲसिडची गोळी दोन आठवडे आधी बंद ठेवायला लागते. आणि जळजळ चालताना, जिना चढताना येत असेल, घाम येत असेल, तर पोटाचा विचार नंतर, आधी ईसीजी.

दादांच्या बाबतीत माझ्या मते बदलायला हवी होती अशी पहिली जागा म्हणजे केमिस्टचं काउंटर. दोन आठवडे गोळी घेऊन त्रास परत आला तिथेच डॉक्टरकडे जायचं होतं. दुसरी जागा जूनमधली, जेव्हा वजन तीन किलो उतरलं होतं: त्या दिवशी फक्त सीबीसी आणि सीआरपी केलं असतं तरी दिशा कळली असती, आणि ते पॅकेजच्या मानाने कितीतरी स्वस्त. तिसरी, हिमोग्लोबिन १०.८ वाचल्यावर लोह देण्याबरोबर "रक्त गेलं कुठे" हे विचारणं. आणि सोनोग्राफी नॉर्मल आल्यावर डॉक्टरांना एवढंच विचारायचं होतं की माझा त्रास ज्या जागी आहे ती जागा या टेस्टमध्ये दिसते का.

दादांच्या आतड्यात ती जागा थोडी अरुंद राहिलीय, व्रण भरताना तसं होतं. त्यामुळे सध्या चोथा, साली, कच्च्या भाज्या बेताने, दर काही महिन्यांनी ओपीडी आणि दर महिन्याला काटा. डॉक्टरांनी एक सूचना लिहून दिलीय ती वहिनींनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय: पोट फुगून कडक झालं, उलट्या थांबत नाहीत आणि वारा किंवा शी अजिबात होत नसेल, तर ओपीडीची वाट बघायची नाही, गॅसची गोळी द्यायची नाही, खायला-प्यायला काही न देता थेट कॅज्युअल्टी.